कल्हईखाली गेलेलं इंग्लंड

माझ्या पोटात पाच देश होते. आज त्यातला एकही दिसत नाही. मित्रांनो, घाबरू नका, लढाई वगैरे काही झालेली नाही. मी एक साधा पितळी पेला आहे. उंचीने चार बोटं, वरून रुंद, खाली निमुळता. देश माझ्यात कसे आले आणि एकेक करून कसे गेले, तेवढंच सांगतो.

माझा जन्म गाझाच्या वाळूत झाला, सन एकोणीसशे सहासष्टमध्ये. दोन देशांनी एकमेकांवर गोळ्या झाडू नयेत म्हणून तिथे मधोमध सात देशांच्या पलटणी आणून बसवल्या होत्या. त्यांना शांतिसेना म्हणत. शांतता राखायचं काम असं आहे की ते नीट चाललं तर करायला काही उरत नाही. मग ही मंडळी संध्याकाळी पत्ते खेळत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला एक पेग पाजायचा, एवढीच अट होती.

भांडण पेगावरून झालं. युगोस्लाव्हियाचा गडी म्हणाला, एक पेग म्हणजे पन्नास मिली, त्याच्या खाली आम्ही आजारी माणसालाही देत नाही. कॅनडावाला म्हणाला, चव्वेचाळीस. नॉर्वेवाला म्हणाला, चाळीस, आणि तेही शनिवारीच. आपल्या पलटणीत एकाच पेगाचे दोन भाऊ निघाले, तीसचा छोटा आणि साठचा बडा. रामराव नावाचे एक म्हातारे सुभेदार होते, इंग्रजांच्या वेळचे. ते म्हणाले, "विलायतेत चोवीसच्या आसपास मोजतात. आणि तेवढ्या जोरावर इंग्रजानं अर्धं जग घेतलं."

रोज किती घेतली तर तब्येतीला चालते, हाही प्रश्न निघाला. नॉर्वेवाल्याने एक बोट दाखवलं. कॅनडावाल्याने दोन दाखवली. युगोस्लाव्हियाच्या गड्याने सांगितलं की सकाळची मोजायची नसते, ती औषधात जाते. सगळ्यांनी आपापल्या डॉक्टरचं नाव घेऊन शपथा वाहिल्या. शांतिसेनेत गोळी कधी सुटली नाही, पण त्या संध्याकाळी सुटली असती.

शेवटी मिर्को नावाच्या युगोस्लाव्ह मिस्त्रीने तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं घेतलं आणि त्यातून मला घडवलं. बरोबर साठ मिलीचा. मग प्रत्येकाने आपल्या देशाची रेघ माझ्या पोटात आतून कोरली, इंग्लंडची रामरावांनी. तळाशी इंग्लंड, त्यावर आपला छोटा पेग, मग नॉर्वे, कॅनडा, युगोस्लाव्हिया. काठोकाठ भरला की बडा पेग. त्या दिवसापासून भांडण मिटलं. पाच देशांना एकत्र आणल्याबद्दल माझं फार कौतुक झालं. पदक मात्र मिळालं नाही.

पुढच्या वर्षी पलटणी घाईघाईने परत निघाल्या. मला कोणत्या देशाने न्यायचं यावर बैठक बसवायला वेळ नव्हता, म्हणून आपल्या पलटणीतल्या हवालदार इंद्रभानने मला मोज्यात घातलं. अशा रीतीने मी वऱ्हाडात आलो.

एकाहत्तर साली इंद्रभान पेन्शन घेऊन आपल्या गावी, रिठदला राहायला आला. घरी त्याची बायको विमलबाई. थोरली मुलगी वाशिमजवळच्या मालेगावला दिलेली. घराची मागची भिंत बुद्धविहाराची भिंत होती, एकच. त्यामुळे दर रविवारची वंदना मला फडताळात बसून ऐकू येई. सगळे मिळून पंचशील म्हणत. इंद्रभानचा आवाज फौजी. पहिली चार शीलं तो अशी खणखणीत म्हणायचा की भिंतीवरची भांडी हलत. पाचवं शील म्हणजे दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं. तिथे आलं की त्याला खोकला यायचा. दर रविवारी, त्याच ठिकाणी. विमलबाई दोघांच्या वाटचं पाचवं शील मोठ्याने म्हणून टाकायची.

तेव्हा मी अगदी भरात होतो. अकोल्याच्या फौजी कॅन्टीनमधून इंद्रभानला रमच्या बाटल्या मिळत. दिवेलागणीला तो खाट अंगणात टाकायचा, माझ्यात रम मोजून स्टीलच्या गिलासात ओतायचा आणि वर पाणी घालायचा. शेजारच्या तांड्यावरून त्याचा दोस्त मदनसिंग यायचा. मदनसिंग शाळेत दोन वर्षं गेलेला, पण माझ्यामुळे त्याचा भूगोल पक्का झाला.

"हवालदार, आज नॉर्वेपर्यंतच भर, उद्या बैलबाजार हाय," तो म्हणायचा.

"पाहुण्याले इंग्लंडच भेटते," इंद्रभान म्हणायचा, आणि स्वतःला काठोकाठ घ्यायचा. एक, दोन, तीन. चौथ्यानंतर मोजणं माझं काम होतं, त्याचं नव्हतं. दुसऱ्या पेल्याला तो गायचा, चौथ्याला रडायचा, आणि पाचव्याला मिर्कोला पत्र लिहायला बसायचा. मिर्कोचा पत्ता त्याच्याकडे नव्हता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. जेवण जाईना. विमलबाई त्याला वाशिमला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे मी नव्हतो, पण घरी आल्यावर दोघं इतके मोठ्याने भांडले की नसूनही सगळं कळलं. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, यकृत सुजलंय, दारू बंद. इंद्रभानने हुज्जत घातली की एकदम बंद केली तर हात थरथरतात. डॉक्टरच्या दारात मोठी रांग होती. शेवटी ते म्हणाले, "बरं, कमी करत आणा. फार तर दोन पेग. त्याच्यावर गेलात तर पुढचा पोळा काही तुम्ही बघत नाही."

"दोन पेग," इंद्रभानने मला हातात घेऊन विचारलं, "पण कोन्या देशाचे? ते तं डॉक्टरनं सांगतलंच नाही."

"तुमी इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं अन् इंग्लंड म्हणला असता मंग?"

विमलबाई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो धूर असेल असं मी तेव्हा मानलं.

"कोन्याबी देशाचे घ्या," ती म्हणाली. "पण याच पेल्यानं. काठोकाठ भरून दोन. तिसरा नाही. हाय कबूल?"

"फौजेतला माणूस हाय मी. मापाच्या बाहेर थेंब नाही जाणार. तथागताच्या तसबिरीसमोर सांगतो."

"तथागताले मधात घेऊ नका," विमलबाई म्हणाली. "मले सांगा, तेवढं पुरे."

मित्रांनो, त्या माणसात शंभर खोडी असतील, पण त्याने तो शब्द पाळला. काठोकाठ दोन. पाहुणा असो, पाऊस असो, तिसऱ्यांदा मला हात लावला नाही. अडचण एवढीच होती की काठोकाठ दोन म्हणजे सगळ्यांत मोठ्या देशाचे दोन. सूज थोडी उतरली आणि मग तिथेच थांबली. विमलबाई रोज सकाळी, तो झोपेत असताना, त्याच्या पायावर अंगठा दाबून खळगा किती पडतो ते बघायची. खळगा भरून यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ ती तिथेच बसून राहायची.

सुगी आटोपली की मालेगावचे हबीबचाचा कल्हई लावायला गावोगाव फिरत. वडाखाली जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायची, भाता हाणायचा, भांडं तापलं की नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा. काळं पडलेलं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. त्या वर्षी विमलबाईने चार पातेली नेली आणि पदराखाली मला. पातेली कल्हईला देऊन झाल्यावर तिने पदराखालून मला आणि फुटक्या तांब्याचा एक तुकडा काढला.

"चाचा, याची गोल चकती कापा, अन् पेल्यात बुडाच्या वर बसवा. वरून कल्हई करा. दिसाले नको."

हबीबचाचांनी मला उलटंसुलटं केलं. "बाई, ये तो माप है. माप का पेट चुराना गुनाह है."

"दुकानदारानं चोरला तं गुन्हा. मी काय इकून राह्यली?"

"फिर क्या कर रही हो?"

"नवरा वाचवून राह्यली."

चाचांनी भाता दोनदा हाणला, विचार केला, आणि तिसऱ्यांदा हाणायच्या आत कात्री उचलली. चकती माझ्या निमुळत्या पोटात एक बोटावर घट्ट बसली. खाली मोकळी जागा, त्यात कोंडलेली हवा. वरून कथील फिरलं. मला पहिला मजला चढला.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. वाटीने खोटं बोललं तर चालतं, तांब्याने बोललं तर चालतं. मापाने एकदाही बोलायचं नसतं. पाच देशांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. संध्याकाळी इंद्रभानने मला काठोकाठ भरलं तेव्हा मी साठचा चेहरा करून अठ्ठेचाळीस देत होतो. मला बोलता आलं असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाईने पुन्हा त्याच्या पायावर अंगठा दाबला, आणि मी फडताळातून बघत गप्प राहिलो. पेले तसेही गप्पच असतात, पण मी त्या दिवशी मुद्दाम राहिलो.

पुढच्या वर्षीची चकती जरा मोठी होती, म्हणून ती जरा वर अडकली. कल्हई होऊन मी घरी आलो. इंद्रभानने मला उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"अवं, इंग्लंड दिसत नाही."

"कल्हईखाली गेलं असंल," विमलबाई तांदूळ निवडत म्हणाली.

"अख्खं?"

"लहानच तं होतं."

इंद्रभानने मान हलवली. मला वाटलं, आता पकडलं. पण त्याने मला भरलं, ओतलं, पुन्हा भरलं, ओतलं, आणि बाटलीचं बूच लावलं.

त्यानंतरच्या कल्हईत आपला छोटा पेग आणि नॉर्वे एकदमच गेले. त्यापुढच्या वर्षी कॅनडा गेला. कॅनडा एवढा मोठा देश, पण जाताना काही आवाज झाला नाही. शहात्तर साली माझ्यात फक्त युगोस्लाव्हिया उरला, तोही काठाशी चिकटून. इंद्रभान दर वर्षी आत डोकावायचा आणि म्हणायचा, "कल्हई चांगली झाली." पायाचा खळगा आता अंगठा उचलताच भरून येऊ लागला होता. विमलबाई तरीही रोज दाबायची. सवय.

घोटाळा मदनसिंगमुळे झाला. त्याच्या मनात शंका यायचं कारण म्हणजे इंद्रभान रडेनासा झाला होता.

"हवालदार, तुह्यात काईतरी बिघाड हाय," तो एका संध्याकाळी म्हणाला. "आधी दुसऱ्या पेगाले तू गात होता. आता दुसऱ्या पेगाले तू मले कपाशीच्या बियाण्याचं सांगून राह्यला. अन् बरोबर सांगून राह्यला!"

"वय झालं माहं."

"वय नाही. पेल्यात खोट हाय."

दुसऱ्या दिवशी तो गुरांच्या दवाखान्यातून म्हशीला सुई द्यायची काचेची मोठी पिचकारी घेऊन आला. तिच्यावर मिलीच्या रेघा होत्या. माझ्यासमोर ती एखाद्या तोफेसारखी दिसत होती, आणि मी तोफेच्याच घराण्यातला असल्यामुळे मला त्यातला गंभीरपणा लगेच कळला. मदनसिंगने मला काठोकाठ पाण्याने भरलं. मग पिचकारीचा दट्ट्या सावकाश ओढत सगळं पाणी वर घेतलं आणि ती उजेडात धरली.

"सोळा," तो म्हणाला.

विमलबाई दारात सूप घेऊन उभी होती. सुपातले दाणे पाखडायचे थांबले.

"सोळा मिली!" मदनसिंग उठून उभा राहिला. "आरे, साठचा पेला अन् सोळा? चार वर्षं तुले कोणीतरी बनवून राह्यलं, हवालदार! डॉक्टरनं दोन पेग सांगतले होते ना? तुहा हक्काचा माल हाय तो. सांग, सोळाचा पेग कोन्या देशाचा हाय?"

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या खाटेवर ठेवलेलं होतं. इंद्रभानने मला खोटा म्हटलं असतं तर शब्द मोडला असता. काठोकाठ दोन या पेल्याचे, असं ठरलं होतं, आणि पेलाच खोटा निघाला तर मग नवीन पेला, नवीन साठ, सुजलेले पाय आणि पुढचा पोळा. विमलबाईने सूप खाली ठेवलं नाही. ती ते छातीशी धरून उभी राहिली, जणू त्यातले दाणे कुणी हिसकावणार होतं.

इंद्रभानने मला उचललं. आत पाहिलं. अंगठ्याने कल्हई पुसली.

"रिठदचा," तो म्हणाला.

"काय?"

"कोन्या देशाचा इचारलं ना तू. रिठदचा पेग हाय हा. रिठदले एवढाच असते. डॉक्टरनं दोन सांगतले, मी मोजून दोन घेतो. तुले काई अडचण?"

मदनसिंग खाली बसला. त्याने विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हजार गजावरचं निशाण नजरेनं मोजत होतो मी. हातातला पेला नाही मोजता येणार? इंग्लंड बुडालं तवाच समजलं."

"मंग बोलला काहून नाही, लेका?"

इंद्रभानने दाराकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडेच पाहत होता.

"बोललो असतो," तो म्हणाला, "तं हिनं कल्हई बंद केली असती. मंग मले एकट्याले थोडी जमलं असतं?"

विमलबाई आत गेली. बराच वेळ सूप पाखडल्याचा आवाज येत राहिला, अगदी जोरात. मग आतूनच तिने विचारलं, "मदनसिंगभाऊ, चहा घेता का?" मदनसिंग हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? कपातला चहा किती मिली होता ते त्याने मोजलं नाही.

पुढच्या सुगीला हबीबचाचा आले तेव्हा मला पदराखालून कुणी नेलं नाही. इंद्रभान स्वतः मला उघड्या हातात घेऊन वडाखाली गेला. रस्त्यात दोघातिघांनी विचारलं, हवालदार, एवढ्याशा पेल्याची कल्हई? तो म्हणाला, "बांधकाम काढलं हाय. मजला चढवायचा हाय."

"चाचा, अजून एक टाका."

चाचांनी मला डोळ्याला लावलं. "हवालदारसाब, अब मंजिल की जगह नहीं. सिर्फ छत बाकी है."

"तं छत टाका."

चाचांनी काठाला बरोबर बसेल अशी चकती कापली. ती बसवताना कथलाचा एक थेंब आत सांडला आणि तिथेच राहिला. मग वरून हात फिरला. युगोस्लाव्हियाही दिसेनासा झाला. मी आता पेला राहिलो नव्हतो. मी पाच मजली बंद इमारत होतो.

त्या संध्याकाळी इंद्रभानने खाट टाकली आणि मला समोर ठेवलं. बाटली आणली नाही. त्याने मला उचललं, खाली ठेवलं. जरा थांबून पुन्हा उचललं, खाली ठेवलं. काठोकाठ दोन. मग तो गिलासभर पाणी प्यायला आणि विमलबाईला म्हणाला, "झाले माहे."

"जेवाले चला मंग," ती म्हणाली.

पुढे तो तपासायला वाशिमला गेला. डॉक्टरने विचारलं, किती घेता? इंद्रभान म्हणाला, दोन साहेब, रोज. डॉक्टरने पोट दाबलं, पाय पाहिले, आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, माप पाळलं की असं होतं." विमलबाई शेजारी बसली होती. तिने नुसती मान डोलावली. एवढा मोठा शिकलेला माणूस, त्याला कशाला त्रास द्यायचा?

माझे मात्र त्यानंतर वाईट दिवस आले. दोन-तीन महिन्यांनी इंद्रभानला मला उचलायची आठवण राहीनाशी झाली. विमलबाईने मला जुन्या गणवेशाबरोबर लोखंडी पेटीत ठेवलं. तिथे डांबराच्या गोळ्या होत्या. त्यांच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. विहाराची भिंत तिथून लांब पडे. रविवार कधी येतो ते कळायचं नाही. ज्यात काही मावत नाही ते माप कशाचं, असा विचार करत मी वर्षभर पडून होतो. मला गाझाची आठवण यायची. खोटं कशाला बोलू, मला इंग्लंडचीसुद्धा आठवण यायची.

एके दिवशी पेटी उघडली. मालेगावची मुलगी माहेरी आली होती आणि तिची सात महिन्यांची गंगू रडून घर डोक्यावर घेत होती. इंद्रभान काहीतरी चमकदार शोधत होता. त्याने मला काढून तिच्यासमोर हलवलं. माझ्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर, युगोस्लाव्हियात, कथलाचा तो सुटा थेंब होता. तो वाजला. खुळ, खुळ.

गंगू गप्प झाली. मीही गप्प झालो. बारा वर्षांत माझ्या पोटातून असा आवाज कधी आला नव्हता.

आता मी गंगूचा खुळखुळा आहे. माझ्या काठावर तिच्या दोन दातांच्या खुणा आहेत. पाच देशांच्या रेघांपेक्षा त्या खोल आहेत. गेल्या रविवारी तिने मला सोडायलाच नकार दिला, म्हणून मी तिच्याबरोबर विहारात गेलो. जे इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं, ते पहिल्यांदाच समोर बसून ऐकलं. पहिलं शील झालं. दुसरं झालं. इंद्रभानचा आवाज अजून तसाच आहे, खणखणीत. तिसरं झालं. चौथं झालं. मग पाचवं आलं. मी श्वास रोखून धरला. माझ्यात पाच मजले श्वास आहे, रोखायला अवघड जात नाही. विमलबाईसुद्धा, दोघांच्या वाटचं म्हणायच्या तयारीने, थोडा मोठा श्वास घेऊन थांबली.

खोकला आला नाही.

तो पाचवं शील पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणाला. विमलबाई म्हणायचीच विसरली. तेवढ्यात गंगूने मला जोराने हलवलं आणि सगळ्या विहारात खुळखुळ झालं. कुणी तिला रागावलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं भांडं असेल तर त्याला वाळूने घासू नका, चिंचेने घासा. त्याच्या पोटात कोणकोणते देश आहेत, तुम्हाला ठाऊक नसतं. आणि मोठे झाल्यावर कुणी तुम्हाला म्हणालं की दोन चालतात, तर कोणत्या मापाचे ते आधी विचारा. मापं देशादेशांत वेगळी असतात, घराघरात तर फारच. पण माप विचारून झालं की घरात जरा मागे वळूनही पाहा. तुमचा पेला पदराखाली घेऊन कुणी वडाकडे निघालं असेल, तर त्या माणसाला हाक मारू नका. जाऊ द्या.